तोरण बोटीने गेले

ज्या रस्त्यावर मी गेली अडतीस वर्षे राहतो, त्यावर सोळा घरे आहेत, सोळा हिरवी कुंपणे आहेत आणि एक मंडळ आहे. घरे आणि कुंपणे नसती तरी एकवेळ निभावले असते. मंडळ नसते तर ओडेन्से शहराच्या या टोकाला मनुष्यवस्तीच झाली नसती, असे मंडळाचे अध्यक्ष ओव दामकेर यांचे प्रामाणिक मत आहे. कुंपणाची उंची जूनअखेर किती असावी, कचऱ्याचा डबा कोणत्या वारी कोणत्या दिशेस तोंड करून ठेवावा, यांविषयी त्यांचे ज्ञान अगाध आहे. हातात मोजकाठी घेऊन ते रस्त्याने चालू लागले की पाने आपोआप नियमात येतात.

परंतु ओव यांचे खरे तेज प्रकट होते ते तोरणाच्या प्रसंगी. या देशात विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली की आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दांपत्याच्या दारावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांचे भव्य तोरण उभारतात, आणि सकाळी साडेसहा वाजता ट्रम्पेट वाजवीत, गाणी गात दारात उभे राहतात. दांपत्याने दचकून जागे व्हावयाचे असते. डोळे चोळीत बाहेर यावयाचे असते. तोंडावर हात ठेवून "हे काय भलतंच!" असे म्हणावयाचे असते. आणि मग आत जाऊन आठवड्यापूर्वी मागवून ठेवलेले साठ गोल पाव, चीज, कॉफी आणि कडू मद्याचे इवलेसे प्याले बाहेर आणावयाचे असतात. आश्चर्याची एवढी सुव्यवस्थित पूर्वतयारी मी अन्यत्र कोठे पाहिली नाही. आठ दिवसांनी तोरण उतरविण्यास हीच मंडळी पुन्हा येतात आणि पुन्हा जेवतात. कारण आवाहन आहे तेथे विसर्जन आलेच.

माझ्या डाव्या हाताला राहणारे आस्गर आणि डोर्ते ब्रास्क यांची पंचवीस वर्षे या ऑगस्टात भरत होती.

आस्गर शाळेत सुतारकाम शिकवतो. तो नऊ मंडळांचा सभासद असून त्यांपैकी चारांचा चिटणीस आहे, आणि रस्त्याचे मंडळ अर्थातच त्या चारांत आहे. हा पुरुष जन्मास आल्यापासून कोणालाही 'नाही' म्हणाल्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. त्याचे लग्न बुधवारी झाले, कारण शनिवारी नौकानयन मंडळाची स्पर्धा होती आणि घड्याळ धरण्याचे काम त्याने आधीच स्वीकारले होते. मधुचंद्र त्याच मंडळाच्या शिबिरात, इतर चौदा वल्हेकरांच्या पुण्यसान्निध्यात पार पडला. साडेबारा वर्षे झाली तेव्हा, म्हणजे निम्मी शिक्षा सचोटीने भोगल्याबद्दल जो छोटा उत्सव येथे करतात त्या वेळी, तोरणाचा सांगाडा मोडका निघाला. तेव्हा आस्गरने स्वतःच्या उत्सवासाठी स्वतःच नवा सांगाडा करून दिला. तो बिजागऱ्यांवर दुमडतो आणि ओव यांच्या ट्रेलरमध्ये नेमका मावतो. पुढे जे घडले त्यात या बिजागऱ्यांचा वाटा मोठा आहे.

डोर्ते श्रवणयंत्रे बसविण्याचे काम करते. माझ्या दोन्ही कानांतील यंत्रे तिनेच बसवून दिलेली आहेत. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी ती बोलते, आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा नवरा सभेला गेलेला असतो.

मे महिन्यात एके दुपारी त्या दोघांनी मला बागेत कॉफीला बोलावले होते. डोर्तेने कपात साखर ढवळता ढवळता विषय काढला.

"मला बेटावर, एरोस्कोबिंगला जायचंय. शुक्रवार ते रविवार. वर्षाचा चौतिसावा आठवडा, ऑगस्टात."

आस्गरने खिशातून दैनंदिनी काढली. "चौतिसाव्यात शनिवारी बोटींची शेड रंगवायचीय गं."

"त्या शनिवारी आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत."

"हो, तेही आहे."

"तेही?" डोर्तेने चमचा बशीत ठेवला. "ऐक. बंदराजवळ एक पिवळं अतिथिगृह आहे. शेजारी एकजण मासे धुरी देऊन विकतो. सकाळी फिरू, दुपारी झोपू, संध्याकाळी धक्क्यावर पाय सोडून बसू. दोघंच."

"छान. आणखी कोण कोण येणारेय?"

"अरे बाबा, दोघंच म्हणजे दोघंच! एक तू, एक मी. मोज बोटांवर."

आस्गरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण मग तोरणाचं काय? लोकांना वाईट वाटेल."

"वाटू दे. त्या सकाळी मला जर ओवच्या हातात कप द्यावा लागला ना, तर मी समजेन की पंचवीस वर्षं माझा संसार मंडळाशी झाला, आणि मग घटस्फोटाचा अर्जही मंडळाकडेच देईन." इथवर ती हसत होती. पुढचे वाक्य मात्र तिने हसून म्हटले नाही. "मी थट्टा करत नाहीये, आस्गर. आपल्या दोघांच्या मध्ये कुणी तिसरा नसला, तर आपल्याकडे बोलायला काही आहे का, ते मला एकदा बघायचंय. नसेल तर तेही कळू दे. केशव, तू ऐकलंयस."

मी ऐकले होते. आस्गरनेही ऐकले असावे, कारण त्याने दैनंदिनीत शेडचा रंग खोडला आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे तो पाहत राहिला.

प्रवासाची आखणी सुरू झाली. ही गोष्ट गुप्त ठेवावयाची होती, आणि एरवी हे सोपे गेले असते. अडचण अशी की, आमच्या रस्त्यावर कोणी दोन रात्रींहून अधिक घर सोडून जाणार असेल किंवा घरच्या शुभदिनी घर बंद राहणार असेल, तर मंडळाकडे अनुपस्थिती-पत्रक भरून द्यावे लागते, म्हणजे शेजारी घरावर लक्ष ठेवतात. या पत्रकाचा चौथा रकाना आहे: 'अनुपस्थितीच्या काळातील पत्ता'. हे पत्रक आस्गरनेच तयार केलेले आहे. पत्रक समोर घेऊन तो एक अख्खी संध्याकाळ बसला होता, असे डोर्तेने मला पुढे सांगितले.

"रिकामा सोड की तो रकाना," ती म्हणाली.

"रिकामा सोडला तर चिटणीस पत्रक परत पाठवतो."

"चिटणीस कोण आहे?"

"मी."

"मग पाठवू नको!"

"असं कसं? गेल्या वर्षी बोडिलचं पाठवलं होतं."

युक्तिवाद अभेद्य होता. आस्गरने स्वच्छ अक्षरांत अतिथिगृहाचे नाव, बंदराचा रस्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिला, आणि ते पत्रक स्वतःच्या हातांनी ओव यांच्या पेटीत टाकले.

जुलैच्या शेवटी ओव यांच्या गॅरेजमध्ये विशेष सभा भरली. चौदा घरांतून माणसे आली. ब्रास्क दांपत्यास अर्थातच निमंत्रण नव्हते, आणि ओव यांची पत्नी कॉफी करीत असल्यामुळे ती उपस्थितांत धरावी की नाही यावर दहा मिनिटे विचारविनिमय झाला. नंतर ओव उभे राहिले. तोरणाचा दुमडलेला सांगाडा त्यांच्या मागे भिंतीला टेकून ठेवला होता. देवघरापुढे उभ्या राहिलेल्या यजमानाची प्रसन्नता त्यांच्या मुद्रेवर होती.

"मित्रांनो, ते दोघं पळून चाललेत," ओव म्हणाले.

"बरं मग? जाऊ द्या की," बोडिल म्हणाली. ही बारा क्रमांकाच्या घरात राहते आणि तिला स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या तोरणानंतर पाठदुखी जडली आहे. "दमली असतील बिचारी. राहू द्या एकटं."

"एकटं राहायचं तर लग्न कशाला करतात माणसं?" ओव म्हणाले. "अगं, लाजतायत ते. आपल्याला त्रास नको म्हणून चाललेत. आणि आस्गर! त्यानं आजवर किती जणांच्या तोरणाला खिळे ठोकले? त्याच्याच दारावर फांदी नाही? मला तर झोप लागायची नाही."

"पण ते तिकडे असणार, आपण इकडे," कोणीतरी म्हणाले.

"म्हणून तर आपण तिकडे जायचं!" ओव यांनी सांगाड्यावर थाप मारली. "हा बघा, दुमडतो. ट्रेलरवर टाकायचा, स्व्हेनबोरहून फेरीबोटीवर चढवायचा. सव्वा तासात पलीकडे. शनिवारी सकाळी साडेसहाला अतिथिगृहाच्या दारात उभा."

"आणि गोल पाव कोण देणार?"

गॅरेजमध्ये प्रथमच खरी शांतता पसरली. मग ओव यांनी जाहीर केले की अतिथिगृहात न्याहारी मिळतेच, आणि प्रश्न सुटला. मला बोटीवर भोवळ येते असे मी सांगितले, तेव्हा सर्वांच्या अनुपस्थितीत सोळाही घरांवर लक्ष ठेवण्याचे काम एकमताने माझ्याकडे देण्यात आले. पंधरा घरांचे टोमॅटोही मलाच दत्तक मिळाले.

सभेत आठ ठराव झाले. सातवा ठराव असा होता: 'ही गोष्ट ब्रास्क दांपत्यास कोणत्याही परिस्थितीत कळू देऊ नये.' चिटणीस उपस्थित नसल्याने इतिवृत्त बोडिलने लिहिले. मंडळाच्या घटनेतील नवव्या कलमानुसार इतिवृत्त तीन दिवसांच्या आत सर्व सोळा घरांत पोचते करावे लागते. बोडिलने ते पोचते केले. सर्व सोळा घरांत.

पुढे मी तिला विचारले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य होते. "अरे, पण कलम आहे ना! पंधराच घरांत वाटलं असतं तर इतिवृत्त बाद झालं असतं. मग ठरावच राहिला नसता."

डोर्ते ते कागद घेऊन बागेत आली तेव्हा मी कुंपणापाशी होतो. आस्गर बाकाला रंधा मारत होता. तिने सातवा ठराव मोठ्याने वाचला, शेवटपर्यंत, सहीसकट. आस्गरने कागद घेतले, चष्मा लावला आणि पानाच्या वरच्या बाजूपासून वाचावयास आरंभ केला.

"गणपूर्ती झालीय," तो अखेरीस म्हणाला. "आक्षेप घेता येणार नाही."

डोर्ते हसू लागली. प्रथम मला वाटले की ती रडते आहे. माझ्या यंत्रातून दोन्ही आवाज पुष्कळसे सारखे ऐकू येतात. मग ती बाकावर बसली आणि डोळे पुसून म्हणाली, "आस्गर, आपण जायचंच नाही."

"म्हणजे?"

"सगळा रस्ता जाणार. एकोणतीस माणसं, एक ट्रम्पेट आणि तुझा तो सांगाडा. मग इथे कोण उरणार? केशव, आणि तो काही गात नाही. आपण घरीच राहायचं. मी खोली रद्द करते."

"पण पत्रकात मी लिहिलंय की..."

"लिहिलंस तेव्हा खरं होतं. आता बेत बदलला."

"बदल कळवायला वेगळा रकाना आहे."

"त्या रकान्याला म्हणावं तू सुटीवर आहेस!" मग तिचा आवाज खाली आला. "मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. ते तुला जमायचं नाही, माहितेय मला. फक्त बोलू नको. तीन आठवडे. माझ्यासाठी."

त्या तीन आठवड्यांत आस्गर चार किलोंनी उतरला. ओव रस्त्यात भेटले की तो बुटाची नाडी बांधू लागे. शेवटी शेवटी तो नाडी नसलेल्या वहाणांनाही वाकू लागला. ओव मात्र आनंदात होते. एरोस्कोबिंगमध्ये त्या दिवसांत कोठेच जागा मिळत नव्हती. बाकीचे सारे तंबूंत आणि ओळखीच्यांच्या माळ्यांवर झोपणार होते. तोच त्या पिवळ्या अतिथिगृहात अचानक एक खोली रिकामी झाली. "समुद्राकडची!" ओव मला म्हणाले. "कुणी वेड्यानं शेवटच्या क्षणी सोडली. केशव, चांगल्या कामाला देव जागा करून देतो."

मी मान हलविली. देवाचे नाव डोर्ते आहे हे सांगण्याचे मला कारण नव्हते.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता ब्रास्क दांपत्य दोन बॅगा घेऊन मोटारीत बसले. सर्व पडद्यांमागे माणसे होती. ओव कुंपणाला पाणी घालण्याच्या निमित्ताने बाहेर उभे होते, आणि कुंपण त्या सकाळच्या पावसाने निथळत होते.

"मजा करा हं!" ते म्हणाले. "शांतपणे! अगदी एकटे एकटे!" आणि त्यांनी माझ्याकडे पाहून असा डोळा मिचकावला की तो पलीकडच्या रस्त्यावरही दिसला असेल.

तीन वाजता सात मोटारी एकामागून एक निघाल्या. सर्वांत पुढे ओव, त्यांच्यामागे ताडपत्रीखाली झाकलेला ट्रेलर, आणि ताडपत्रीच्या कडेने बाहेर डोकावणाऱ्या स्प्रूसच्या फांद्या. रस्ता रिकामा झाला. अडतीस वर्षांत मी प्रथमच त्यावर पक्ष्यांचा आवाज ऐकला.

संध्याकाळी सात वाजता, उन्हे अजून गवतावर असताना, ब्रास्क यांची मोटार हळूच परत आली. दुपारभर दोघे जंगलाच्या कडेला वाहनतळावर बसून पाव खात होते. डोर्तेने मला पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. पहारेकरी या नात्याने कोणतीही असाधारण हालचाल लिहून ठेवणे माझे कर्तव्य होते. मी टोमॅटोंना पाणी घातले.

त्याच वेळी एरोस्कोबिंगच्या अरुंद गल्ल्यांतून एकोणतीस माणसे टोप्यांच्या कडा खाली ओढून, भिंतींना चिकटून, दोन माणसांच्या दृष्टीस न पडण्याची पराकाष्ठा करीत होती. ती दोन माणसे त्या बेटावर नव्हती. परंतु लपण्याच्या निष्ठेत त्यामुळे तिळमात्र न्यून राहिले नाही.

शनिवारी सकाळी आस्गर बागेत आला आणि त्याने ध्वजस्तंभावर झेंडा चढविला. घरात शुभदिन असता झेंडा न लावणे हे त्याच्या शक्तीपलीकडचे होते. डोर्ते आतून पाहत होती. मग बाहेर येऊन तिने बागेतल्या टेबलावर दोन कप ठेवले, चार गोल पाव ठेवले आणि चीज ठेवले. आस्गरने सवयीने आणखी खुर्च्या आणण्यास सुरुवात केली होती. तिसरी खुर्ची हातात असताना तो थांबला आणि ती परत ठेवून आला.

सात वाजण्यास पाच मिनिटे असता त्याचा फोन वाजला.

डोर्तेने फोनकडे पाहिले नाही. ती आस्गरकडे पाहत होती. पंचवीस वर्षांत या माणसाने वाजणारा फोन वाजू दिला नव्हता. त्याने तो उचलला. ओव यांचा आवाज मूळचाच गॅरेजभर पुरणारा. तो फोनच्या कडांतून सांडत कुंपणापलीकडे माझ्यापर्यंत आला.

"आस्गर! कुठे आहात तुम्ही? आम्ही इथे दारात! दोन गाणी संपली! दार उघडलं तर दोन डच सायकलवाले बाहेर आले, म्हातारा-म्हातारी, त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच आहे, दोघं रडतायत! माझ्या बायकोनं त्यांना फुलंसुद्धा देऊन टाकली! तुम्ही कुठल्या खोलीत आहात?"

"घरी," आस्गर म्हणाला.

"कुठल्या घरी?"

"आमच्या. ओडेन्सेला."

मग ओव यांनी परिस्थितीचा ताबा घेतला. अध्यक्षपद उगाच मिळत नाही. "हरकत नाही! हलू नका! दुपारच्या बोटीनं निघतो, तीनपर्यंत तिथे. तोरण जसंच्या तसं आणतो. तू फक्त पाव मागवून ठेव, साठ, आणि कडू ते विसरू नकोस. कळलं? आस्गर? तीन वाजता."

आस्गरचे तोंड उघडले. तो 'हो' मला दिसत होता. जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, जसा तो आयुष्यभर बसत आला. डोर्तेने सुरी खाली ठेवली.

"नको," आस्गर म्हणाला.

"काय?"

"नको, ओव. येऊ नका."

"अरे, त्रास कसला त्यात! आम्हाला काही..."

"तुम्हाला नाही रे. मला. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी येऊ नका. तिथे धुरी दिलेले मासे चांगले मिळतात म्हणे. खा. फिरा. तोरण त्या डच लोकांना राहू दे."

"आस्गर, हे मला सभेपुढे ठेवावं लागेल."

"ठेव. इतिवृत्त लिहायला दुसरं कुणीतरी बघ."

त्याने फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात दाबून धरला, जणू तो उडी मारून पुन्हा कानाला लागेल. डोर्तेने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. मग तिची दृष्टी कुंपणावरून माझ्याकडे आली. कुंपण नियमात होते. लपण्यास जागा नव्हती.

"केशव, सगळं ऐकलंस?"

"यंत्रं तूच बसवलीस, डोर्ते. उत्तम चालतात."

"मग आता काढून ठेव."

मी दोन्ही यंत्रे कानांतून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. प्रथम पक्षी गेले, मग झेंड्याची फडफड गेली. टोमॅटोंना पाणी घालता घालता मला एवढेच दिसत होते की डोर्ते बोलते आहे. ती पुष्कळ वेळ बोलली. नंतर आस्गर बोलू लागला. हातवारे करून, मध्येच थांबून, पुन्हा आरंभ करून. एकदा दोघेही बराच वेळ गप्प राहिले आणि मला काळजी वाटली. पण तिने एक पाव मोडून अर्धा त्याच्या ताटलीत ठेवला, आणि तो काहीतरी म्हणाला, आणि ती मान मागे टाकून हसली. या वेळी ते हसणेच होते. ऐकू न येता हसणे आणि रडणे ही दोन्ही वेगळी ओळखता येतात.

रविवारी संध्याकाळी ओव परतले. ट्रेलर रिकामा होता. त्यांनी पहाऱ्याचे पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्यात 'ब्रास्क यांच्या बागेत शनिवारी काय बोलणे झाले' असा नवा रकाना त्यांनी स्वतः आखला होता. पंधरा घरांच्या टोमॅटोंचा वृत्तांत मी तपशीलवार लिहून दिला. तो रकाना रिकामा सोडला. पत्रक परत पाठविण्यास आता मंडळाला चिटणीस नाही.